वाचकांचे प्रश्न: पहाटेचं बेसबॉल आणि घरचा खाऊ

प्रश्न: मेजर लीग बेसबॉलचे सामने नागपुरातून बघायचे आहेत. रविवारच्या सामन्यासाठी रविवारी पहाटे उठलो, तर सामनाच नव्हता. वेळेचा हिशोब कसा करायचा? (धरमपेठ)

उत्तर: वेळापत्रकातली तारीख अमेरिकेची असते. तिथली रविवार संध्याकाळ म्हणजे आपली सोमवारची पहाट. रविवारच्या पहाटे बघायचा सामना तिकडच्या शनिवारी शोधायला हवा होता.

मार्चअखेर ते ऑक्टोबर हा मोसम जवळजवळ सगळा तिथल्या उन्हाळी वेळेत (घड्याळं तासभर पुढे असतात तेव्हा) बसतो, त्यामुळे हिशोब एकदाच करायचा. न्यूयॉर्क, बॉस्टनच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा, शिकागोच्या वेळेत साडेदहा, लॉस एंजेलिसच्या वेळेत साडेबारा. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७.०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ४.३५ ला, लॉस एंजेलिसचा ७.१० चा सकाळी ७.४० ला. रात्री जागणाऱ्यांनी ‘शिकागो कब्ज’ हा संघ धरावा. त्यांच्या रिग्ली फील्डवर १९८८ पर्यंत दिवेच नव्हते आणि अजूनही दुपारचे सामने बरेच असतात, दुपारी १.२० म्हणजे आपले रात्रीचे ११.५०. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. तेव्हा संघ नावावरून निवडण्यापेक्षा आपल्या झोपेवरून निवडलेला बरा. सोमवारी आणि गुरुवारी तिथे बऱ्याच संघांना सुट्टी असते, म्हणून आपली मंगळवार आणि शुक्रवारची पहाट जरा सुनी जाते.

२०२३ मध्ये गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ लावल्यापासून सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो. पहाटेचा सामना सव्वासातच्या आसपास संपतो, म्हणजे नेमका तर्री पोह्याच्या वेळेला. हरभरे आदल्या दुपारी भिजत घाला, तर्री रात्रीच करून ठेवा, मुरलेली चांगलीच लागते. सातव्या इनिंगच्या मधल्या विश्रांतीत जाड पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवा. त्याआधी धुतले तर गोळा होतो.

प्रश्न: मैदानावर विकतात तशा खारवलेल्या शेंगा घरी भाजल्या. मीठ टरफलावरच राहिलं, दाणे अळणी. (इतवारी)

उत्तर: वरून मीठ भुरभुरून दाण्यापर्यंत पोचत नाही, ते पाण्यातून आत न्यावं लागतं. अर्धा किलो वाळलेल्या शेंगा धुऊन घ्या. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ उकळून ते गरम पाणी शेंगांवर ओता. शेंगा तरंगतात, म्हणून वर ताटली आणि तिच्यावर खलबत्ता ठेवा. हे न केल्यानंच निम्म्या शेंगा कोरड्या राहतात. रात्रभर ठेवून सकाळी निथळा.

आता वाळवणं, आणि घाई नेमकी इथेच होते. ओल्या शेंगा भाजायला घेतल्या तर त्या टरफलात वाफवतात आणि दाणा मऊ राहतो. मे महिन्यात गच्चीवर एक दिवस पुरतो. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर राहू नका, ओव्हनमध्ये १०० अंशांवर तास-दीड तास ठेवा. अर्धवट वाळलेल्या शेंगा डब्यात भरल्या की बुरशी धरते. काळपट किंवा कडू दाणा निघाला तर थुंकून टाका.

भाजायला ओव्हन १७५ अंशांवर, शेंगा एकाच थरात, ३० ते ४० मिनिटं, मधून दोनदा हलवून. ओव्हन नसेल तर लोखंडी कढईत किलोभर खडे मीठ तापवून त्यात मंद आचेवर २०-२५ मिनिटं परता. दाणा फिका बदामी दिसला की थांबा. गरम दाणा मऊच लागतो, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. मऊ लागतात म्हणून भाजत राहिलात तर करपतात.

प्रश्न: गुळाचे पॉपकॉर्न-शेंगदाणे अर्ध्या तासात चिवट होतात. बाहेर तर उन्हाळ्याची कोरडी हवा! (प्रतापनगर)

उत्तर: बाहेर कोरडी आहे हो, पण खोलीत कूलर चालू असेल ना? कूलरची हवा दमट असते आणि गूळ ओलावा ओढतो. वाडगा कूलरच्या झोतात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यातून लागेल तेवढंच काढा.

दुसरं कारण पाक. ७५ ग्रॅम मक्याच्या लाह्या आणि १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे यांना २०० ग्रॅम चिक्कीचा गूळ, दोन मोठे चमचे तूप, एक चमचा पाणी. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून वाकवा, टचकन तुटला पाहिजे. ताणला गेला तर पाक अजून व्हायचाय. गॅस बंद करून अर्धा चमचा खायचा सोडा घाला. पाक फेसाळून हलका होतो आणि दाताला चिकटत नाही. लगेच लाह्या घालून ढवळा आणि तेल लावलेल्या ताटात पसरा.

आणि मका फुटतच नसेल तर तो उन्हाळ्यात सुकलाय. बरणीत वाटीभर मक्याला एक चमचा पाणी घालून हलवा, रात्रभर बंद ठेवा. दाण्यातल्या पाण्याची वाफ झाल्याशिवाय तो फुटत नाही.

प्रश्न: हॉट डॉगवर सावजी रस्सा कसा लागेल? (महाल)

उत्तर: वाया जाईल, रस्सा. सॉसेज आधीच खारट आणि मसालेदार असतं, पाव भिजून तुटतो. शिकागोकडची रीत बघा: पिवळी मोहरीची चटणी, बारीक कांदा, टोमॅटो, व्हिनेगरमधली काकडी आणि मिरची, खसखशीचा पाव, केचप नाही. सॉसेजला टोचू नका, खळखळ उकळूही नका, साल फाटते. पाणी नुसतं हलू लागेल अशा आचेवर सहा मिनिटं, मग तव्यावर दोन.

प्रश्न: दहाव्या इनिंगमध्ये न खेळताच एक खेळाडू दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, कसा उभा असतो? (सदर)

उत्तर: नऊ इनिंगनंतर बरोबरी असली की जादा इनिंग होतात. सामने लांबू नयेत म्हणून २०२० पासून तसा नियम आहे. फलंदाजीच्या क्रमात त्या इनिंगच्या पहिल्या फलंदाजाच्या आधीचा खेळाडू तिथे उभा राहतो. बहुतेक सामने त्यामुळे एक-दोन जादा इनिंगमध्ये निकालात निघतात आणि तुमचं ऑफिस वेळेवर गाठता येतं. ऑक्टोबरच्या बाद फेरीत मात्र हा नियम नसतो. २०१८ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, तिसरा सामना १८ इनिंग, सात तास वीस मिनिटं चालला. आपल्याकडे पहाटे सुरू होऊन संपला तेव्हा दुपारचा १ वाजला होता. ऑक्टोबरात शेंगा किलोभर भाजा.