यकृत ठणठणीत, तरी ‘दारूचा आजार’ म्हणून क्लेम नाकारला

प्रश्न : माझ्या पतींना (वय 47) रक्ताची उलटी झाली. तपासणीत ‘लेफ्ट-सायडेड पोर्टल हायपरटेन्शन’ (प्लीहेकडच्या शिरांत वाढलेला रक्ताचा दाब) निघालं, प्लीहा काढावी लागली. साडेपाच लाख खर्च झाले. ‘हा मद्यपानाचा परिणाम, एक्सक्लूजन 12’ (व्यसनामुळे झालेले आजार विम्यातून वगळणारी अट) असं कळवून विमा कंपनीने क्लेम नाकारला. ते दारूला शिवतही नाहीत. 2021ची पॉलिसी आहे. 2023मध्ये पित्ताच्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज आली होती, तो क्लेम याच कंपनीने दिला होता. – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे कागद दोनदा वाचले. दाखल करतानाच्या केसपेपरवर ‘अल्कोहोल’ या शब्दापुढे कुणीतरी घाईघाईत प्रश्नचिन्ह काढलंय. त्याखेरीज दारूचा उल्लेख कुठेच नाही.

पोर्टल हायपरटेन्शन म्हटलं की सिरोसिस (यकृत निबर होऊन खराब होणं) आणि सिरोसिस म्हटलं की दारू, असं धरून कंपनी चालली आहे. तुमच्या पतींचा आजार वेगळा. प्लीहेची शीर स्वादुपिंडाला मागून चिकटून जाते. तिथे सूज आली की शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. मग प्लीहेतलं रक्त जठराच्या शिरांतून वाट काढतं, त्या फुगतात आणि एखादी फुटली की रक्ताची उलटी होते. यात यकृत निरोगी असतं. तुमच्या फायलीत सीटी स्कॅनवर शिरेतली गुठळी नोंदली आहे, यकृताच्या रक्ततपासण्या नॉर्मल आहेत. शिवाय प्लीहा काढली की या आजाराचं मूळच जातं. सिरोसिसच्या रक्तस्रावावर हा नेहमीचा इलाज नव्हे. म्हणजे झालेलं ऑपरेशनच तुमच्या बाजूने साक्ष देतं. सर्जनकडून हे सगळं एका पानात, सही-शिक्क्यासह लिहून घ्या.

कंपनी पुढे म्हणेल, स्वादुपिंडाची सूज दारूनेही येते. खरं आहे. म्हणून 2023चं डिस्चार्ज कार्ड, खडे दाखवणारी सोनोग्राफी आणि क्लेम मंजुरीचं पत्र सोबत जोडा. एक्सक्लूजन लागू होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. पती कधीकाळी घेत असतील, तर तेही लपवू नका. दारूमुळेच हा आजार झाला, हे तरीही कंपनीलाच दाखवावं लागेल. प्रश्नचिन्ह मात्र कुणाकडूनही खोडून घेऊ नका. खाडाखोड दिसली की चांगली केस हातची जाते. हॉस्पिटलकडून तारखेनिशी वेगळं खुलासापत्र मागा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पतींच्या सहीने पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करा. तक्रार फेटाळल्यापासून, उत्तरच न आल्यास तो महिना संपल्यापासून, वर्षभराची मुदत असते. फी नाही, वकील लागत नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोग आहेच. तिथली मुदत 2 वर्षांची. आयोगात आधी गेलात, तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून हा क्रम पाळा.

सगळीकडे झेरॉक्सच द्या, मूळ कागद जवळ ठेवा. आणि एक सांगतो, जरी तो डॉक्टरांचा प्रांत असला : प्लीहा जंतुसंसर्गाशी लढते, म्हणून ती काढलेल्या माणसाने ताप अंगावर काढायचा नसतो. लसींचं कार्ड या फायलीत अडकवू नका, घरात हाताशी ठेवा.