सिव्हिलचे डॉक्टर व्हिडिओवर विचारून औषध देणार, मग आपण मुंबईलाच का जाऊ नये?

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझे मिस्टर (वय ५२) रक्तदान शिबिरात रक्त देऊन आले आणि नंतर ब्लड बँकेतून फोन आला की हिपॅटायटिस सी निघालाय. सिव्हिलला व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ती टेस्ट) केला, तोही पॉझिटिव्ह. रिपोर्ट सोबत जोडलेत. तिथले फिजिशियन चांगले आहेत, नीट बोलतात, पण म्हणाले की बुधवारी व्हिडिओवर मोठ्या सेंटरच्या डॉक्टरांपुढे तुमची केस मांडतो आणि मग गोळ्या चालू करू. दीर म्हणतात ज्याला स्वतःलाच विचारावं लागतं त्याच्या हातात पेशंट कशाला द्यायचा, सरळ मुंबईला लिव्हरवाल्याकडे जाऊ. इकडे सोयाबीन काढणीला आलंय. काय करू?
– एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : ताई, आधी सोयाबीन काढून घ्या. हा आजार वर्षानुवर्षं हळूहळू लिव्हर खातो, आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. हां, पण पोटात पाणी झालं, कावीळ दिसली, रक्ताची उलटी झाली किंवा माणूस गुंगल्यासारखा वागायला लागला तर मात्र बुधवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता दिरांचं. त्यांचा राग मला समजतो, डॉक्टरला सगळं पाठ पाहिजे असं आपल्याला लहानपणापासून वाटतं. पण तुम्ही पाठवलेले रिपोर्ट बघा म्हणजे तुमचे डॉक्टर का थांबलेत ते कळेल. लिव्हरच्या टेस्टमधले एएसटी ९० आणि एएलटी ८१, रक्तातल्या प्लेटलेट १ लाख २० हजार. हे आकडे आणि वय घालून लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज काढायची दोन सूत्रं आहेत, फिब-४ आणि एप्री. मी कागदावर करून बघितलं. फिब-४ येतो ४.३, आणि ३.२५ च्या वर गेला की सिरोसिसचा, म्हणजे लिव्हर चट्टे पडून कडक झाल्याचा, संशय धरायचा. एप्री येतो १.९ च्या आसपास, तिथे रेषा २ ची, म्हणजे जेमतेम खाली. एक सूत्र म्हणतंय सिरोसिस असू शकतो, दुसरं म्हणतंय नक्की नाही. अशा वेळी सोनोग्राफीत प्लीहा वाढलीय का, फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करायचा का, एंडोस्कोपी लागेल का हे ठरवावं लागतं, आणि हे ज्यांनी शेकडो पेशंट बघितलेत त्यांना दोन मिनिटं विचारलं तर त्यात कमीपणा कसला? उलट जो न विचारता ठोकून देतो त्याची मला जास्त भीती वाटते.

आणि यावर गोळी बदलते बरं का. सरकारच्या मोफत हिपॅटायटिस कार्यक्रमात सिरोसिस नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, रोज, १२ आठवडे. सिरोसिस आहे पण लिव्हर अजून काम सांभाळतंय, तर सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर, तेही १२ आठवडे. लिव्हरने हात टेकले असतील तर सोबत रिबाव्हिरिन किंवा मग २४ आठवडे, आणि असे पेशंट मोठ्या सेंटरलाच पाठवतात. म्हणजे मुंबईला जायचीच वेळ आली तर ते तुम्हाला बुधवारीच कळेल, अंदाजाने धावायची गरज नाही.

बुधवारी तिकडून आणखी दोन-चार प्रश्न येतील, त्यांची उत्तरं आधीच डॉक्टरांना देऊन ठेवा. एक, हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालीय का, मला तरी तुमच्या कागदांत दिसली नाही. बी अंगात लपलेला असेल तर सी चा बंदोबस्त होताना तो डोकं वर काढतो, अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये याबद्दल ठळक इशारा दिलाय. दोन, मिस्टर गॅसची गोळी घेतात का. आपल्याकडे पँटोप्राझोल प्रत्येक चिठ्ठीवर असतं आणि ते औषध आहे असं कुणाला वाटतही नाही, पण त्याने वेल्पाटासव्हिर अंगाला कमी लागतं. तीन, फिटची गोळी, टीबीची रिफॅम्पिसिन, हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन यातलं काही चालू आहे का. आणि शुगर असेल तर तेही सांगा, व्हायरस कमी झाला की कधीकधी शुगर खाली येते आणि जुन्याच डोसवर चक्कर येऊन पडायची वेळ येते. घरात जेवढ्या गोळ्यांची पाकिटं आहेत तेवढी पिशवीत घालून घेऊन जा, नावं आठवत बसू नका.

दिरांना पंजाबचं सांगा. तिथे हा आजार खूप, त्यातही खेड्यांत. २०१६ च्या जूनमध्ये सरकारने मोफत औषधं सुरू केली, पण लिव्हरचे स्पेशालिस्ट होते चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात, मग सगळं राज्य तिथे रांगेत उभं करायचं का? त्यांनी उलटं केलं. २२ जिल्हा रुग्णालयं आणि ३ मेडिकल कॉलेजांच्या फिजिशियनना शिकवलं, व्हिडिओवर केसेस घेत राहिले आणि औषध जिल्ह्यातच दिलं. जवळपास ४८ हजार पेशंटचे निकाल छापून आलेत, ज्यांनी शेवटची तपासणी केली त्यांच्यात ९० टक्क्यांहून जास्त बरे झाले. हे तुमच्या सिव्हिलसारख्याच ठिकाणी झालंय.

प्रश्न : मॅडम, मी ग्रामीण रुग्णालयात एमओ (मेडिकल ऑफिसर) आहे. हिपॅटायटिस सी च्या ऑनलाइन ट्रेनिंगला नाव दिलंय (म्हणजे वरून दिलं गेलंय). कोविडपासून इतके वेबिनार झालेत की कॅमेरा बंद करून ओपीडी उरकायची सवय झालीय, सर्टिफिकेट मेलवर येतं. यात वेगळं काय असणार? आणि एमबीबीएसने हे औषध द्यावं का खरंच?
– एक डॉक्टर, विदर्भ

उत्तर : प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. नुसती स्लाइड वाचून दाखवणार असतील तर तुम्ही ओपीडीच उरका, मी काही बोलणार नाही. पण केस मांडायला लावणारं ट्रेनिंग असेल तर कॅमेरा चालू ठेवा.

ही पद्धत निघाली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात. अल्बुकर्कीला डॉ. संजीव अरोरा लिव्हरचे डॉक्टर, त्यांच्याकडे अपॉइंटमेंटला आठ-आठ महिने थांबावं लागायचं आणि पेशंट शेकडो मैल गाडी हाकत यायचे, बरेच तर यायचेच नाहीत. तेव्हा औषध म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिन, बऱ्याच जणांना ४८ आठवडे, त्यात रक्त कमी होणं, डिप्रेशन, थायरॉइड, सगळंच. अरोरांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट इको सुरू केला. गावोगावचे डॉक्टर, नर्स, अगदी तुरुंगातले डॉक्टरसुद्धा दर आठवड्याला स्क्रीनवर एकत्र यायचे, प्रत्येकाने आपला पेशंट नाव न सांगता मांडायचा, त्यावर सगळ्यांनी बोलायचं, शेवटी छोटं लेक्चर. पेशंट मात्र शेवटपर्यंत गावातल्या डॉक्टरचाच. हे महत्त्वाचं आहे, कारण टेलिमेडिसिनमध्ये स्पेशालिस्ट स्क्रीनवरून पेशंट बघतो, इथे तो पेशंट बघतच नाही, तुम्हाला तयार करतो. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ४०७ पेशंटचा हिशोब आला : युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे, गावातल्या आणि तुरुंगातल्या दवाखान्यांत ५८.२ टक्के. आणि तेही इंटरफेरॉनसारख्या किचकट औषधावर!

आत्ताच्या गोळ्या त्यापुढे फारच सरळ. वॉशिंग्टन डीसीमध्ये फॅमिली डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर आणि स्पेशालिस्ट या सगळ्यांना तीन तासांचं एकच ट्रेनिंग देऊन ६०० पेशंट वाटून दिले, २०१७ मध्ये निकाल छापला, एकूण ८६ टक्के बरे आणि स्पेशालिस्टांचा निकाल काही इतरांपेक्षा सरस नव्हता. तेव्हा 'एमबीबीएसने द्यावं का' याचं माझं उत्तर : कार्यक्रमाच्या नियमाने परवानगी असेल आणि सिरोसिस नसेल तर खुशाल द्यावं. प्रिस्क्रिप्शन सोपं आहे. डोकं लागतं ते कुणाला आपल्याकडे ठेवायचं आणि कुणाला रेफर करायचं यात, आणि ते लेक्चर ऐकून येत नाही, स्वतःच्या पेशंटवर चार लोकांनी प्रश्न विचारले की येतं. माझ्या बघण्यात आहे, पहिल्या महिन्यात नुसतं 'एलएफटी (लिव्हरची टेस्ट) नॉर्मल आहे सर' म्हणणारे डॉक्टर तिसऱ्या महिन्यात आपणहून प्लेटलेट आणि फिब-४ घेऊन बसतात.

शिवाय इथलं ज्ञान शिळं फार लवकर होतं. २०११ मध्ये टेलाप्रेव्हिर आणि बोसेप्रेव्हिर ही औषधं आली, लोक ती शिकतात न शिकतात तोवर २०१३ च्या डिसेंबरमध्ये सोफोसबुव्हिर आलं आणि ती दोन्ही मोडीत निघाली. आधी व्हायरसचा जीनोटाइप (उपप्रकार) कळल्याशिवाय पान हलत नव्हतं, आपल्याकडे ३ नंबर जास्त, त्याचं वेगळं गणित, आणि आता सगळ्या जीनोटाइपवर चालणाऱ्या गोळ्या आल्यावर बहुतेकांना ती टेस्ट लागतच नाही. एकदा शिबिराला जाऊन फाइल आणली असती तर तीन वर्षांत रद्दीत गेली असती, दर आठवड्याच्या बैठकीचा फायदा इथे आहे.

दोन सूचना. साधी केस नेऊ नका, जिथे अडलात तीच न्या, आणि पेशंटचं नाव किंवा चेहरा स्क्रीनवर जाऊ देऊ नका, रिपोर्टचा फोटो टाकताना वरची पट्टी झाका. दुसरं, आपल्या लॅब टेक्निशियनला आणि फार्मासिस्टलाही शेजारी बसवा. पेशंट महिन्याची बाटली घ्यायला आला नाही हे आधी फार्मासिस्टला कळतं, तुम्हाला नाही. नेट गेलं तर फोनवरून जोडा, आवाज पुरतो. आणि वरच्यांना सांगून बैठकीचा तो तास ड्युटीत धरायला लावा, नाहीतर परत कॅमेरा बंद!

प्रश्न : मोठ्या काकांनी पूर्वी इंटरफेरॉन घेतलं होतं, जमीन विकावी लागली होती. आता पुतण्याला तोच आजार. पुन्हा तेवढा खर्च?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. इंजेक्शनही नाही आणि जमीनही नाही. सोफोसबुव्हिर अमेरिकेत आलं तेव्हा १२ आठवड्यांचे ८४ हजार डॉलर होते, त्यामुळे बातम्यांत भीती पसरली होती. २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतातल्या जेनेरिक कंपन्यांना परवाने दिले आणि इथली किंमत पार खाली आली. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात जाऊन उपचार केंद्र कुठे ते विचारा, आणि बाहेर कुणी 'स्पेशल इंजेक्शन' सुचवलं तर तिथून उठा.

प्रश्न : तीन महिने गोळ्या झाल्या, बरं वाटतंय. नोकरीच्या मेडिकलमध्ये पुन्हा 'एचसीव्ही पॉझिटिव्ह' आलं. औषध फुकट गेलं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मेडिकलमध्ये बहुतेक अँटिबॉडीची टेस्ट केलीय, ती बरं झाल्यावरही पॉझिटिव्ह राहते, बऱ्याचदा जन्मभर. बरं झालात की नाही हे आरएनए टेस्टवर ठरतं, म्हणजेच व्हायरल लोड, आणि ती गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी करायची. ही टेस्ट लोक सर्रास बुडवतात. वर ज्या पंजाबचं कौतुक केलं तिथेही हेच झालं, बरेच पेशंट शेवटच्या तपासणीला आलेच नाहीत आणि ते धरून हिशोब केला की बरे झाल्याची टक्केवारी ७० च्याही खाली जाते. तुमची तारीख झाली असेल तर याच आठवड्यात जा, निगेटिव्ह रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा आणि एक एचआरला द्या. सिरोसिस होता असं फाइलमध्ये कुठे लिहिलं असेल तर व्हायरस गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची, लिव्हरच्या कॅन्सरसाठी. त्या टेस्टच्या वेळीच डॉक्टरांकडून पुढची तारीख लिहून घ्या.