चॉक्टॉ खापरपणजीचा माग काढताना नवऱ्याचं नाव नको, भावांची नावं शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमान अमेरिकन, त्यांच्या पणजीची आई चॉक्टॉ, म्हणजे अमेरिकेतल्या त्या नावाच्या मूळनिवासी जमातीची, होती असं घरात सांगतात. जन्म १८६०च्या आसपास, इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात. लग्न एका गोऱ्या माणसाशी. एक फोटो आहे आणि नाव फक्त 'मेरी'. यापुढे जायचं कसं?

मी चौदा वर्षं ओक्लाहोमात आहे. माझ्या सासूबाई चॉक्टॉ आहेत, आणि त्यांच्या आईकडची वंशावळ लावण्यात आम्ही दोघींनी तीन हिवाळे घालवले. त्यातलं पहिलं दीड वर्ष वाया गेलं, कारण आपल्याकडच्या सवयीने मी बापाकडून आजोबाकडे, आजोबाकडून पणजोबाकडे अशी चढत होते. आपली आडनावं तशीच चालतात, कुळाचा टाकही तसाच पुढे जातो. चॉक्टॉंचं उलटं होतं. मूल आईच्या कुळाचं. त्या कुळाला 'इक्सा' म्हणतात. एका इक्सात लग्न होत नसे, म्हणजे आपल्या सगोत्रासारखंच, पण गोत्र आईकडून. बाप घरात असला तरी दुसऱ्या कुळाचा, जवळजवळ पाहुणाच. मुलांना वळण लावणं, त्यांची जबाबदारी घेणं हे मामाचं काम. आणि आईच्या बहिणीही मुलांच्या आयाच, त्यांनाही तोच 'इश्की' शब्द. 'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण ऐकवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे मग माय मरतच नाही. जुन्या जबान्यांमध्ये 'आई' असं लिहिलेली बाई प्रत्यक्षात मावशी निघू शकते, एवढं ध्यानात ठेवा.

हे कुळाचं गणित खऱ्या माणसांवर कसं चालायचं ते सोफिया फोल्सम पिचलिनकडे बघितलं की कळतं. ती १७७३मध्ये आजच्या मिसिसिपीत जन्मली. वडील गोरे, आई चॉक्टॉ. नवरा जॉन पिचलिन, तोही गोरा, दुभाष्याचं काम करणारा. रक्ताचा हिशोब मांडणारे तिच्या मुलाला, पीटर पिचलिनला, पाऊण गोरा म्हणत. चॉक्टॉंच्या लेखी मात्र तो पुरता चॉक्टॉ होता, कारण आईचं कुळ त्याचं कुळ. तोच पुढे १८६४ ते १८६६ त्यांचा प्रमुख झाला. नवरा १८३५मध्ये वारल्यावर सोफिया मुलांमागोमाग पश्चिमेला आली आणि १८७१मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास गेली. तिची कबर मॅकर्टन काउंटीत आहे. ओक्लाहोमातल्या नाव-तारीख कोरलेल्या ज्ञात कबरींमध्ये इतकी जुनी जन्मतारीख दुसरी नाही. मी तिथे गेले तेव्हा मनात आलं, अमेरिका नावाचा देश जन्माला यायच्या आधी ही बाई जन्मली होती.

आता तुमच्या मेरीकडे. ती १९००च्या आसपास हयात असेल तर पहिली जागा म्हणजे डॉज आयोगाची नोंदणी. चॉक्टॉंची सामाईक जमीन मोडून माणशी तुकडे पाडायचे म्हणून सरकारने १८९८पासून घरटी कार्डं भरली आणि १९०७च्या मार्चमध्ये याद्या कायमच्या बंद केल्या. ही कार्डं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात, आणि ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर नावाची सूची आहे. कार्ड क्रमांक वेगळा, यादी क्रमांक वेगळा. दोन्ही लिहून घ्या, नाहीतर भलत्याच घरात शिराल.

सगळे जण कार्डाची वरची ओळ बघतात: नाव, वय, 'रक्त' अर्धं की पाव. तो रक्ताचा आकडा मला मनापासून आवडत नाही. सोफियाच्या लोकांना असला हिशोब कधी लागला नव्हता, आणि कारकुनाने तो कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या चेहऱ्यावरून टाकून दिला. तुम्ही खाली बघा. खालच्या भागात प्रत्येकाच्या वडिलांचं आणि आईचं नाव असतं, आणि त्यांची काउंटी. मेलेलं असेल तर काउंटीच्या जागी 'डेड' एवढाच शब्द. तुमच्या मेरीच्या आईचं नाव याच रकान्यात असेल. शेजारी आधीच्या जमातीय याद्यांमधला क्रमांकही असतो, बहुतेक वेळा १८९३ किंवा १८९६चा, म्हणजे मागे जायची पुढची पायरी तिथेच दिलेली आहे. १८८५चीही एक शिरगणती आहे. त्यातल्या काउंट्या म्हणजे किआमिटिया, स्कलीव्हिल, ब्लू वगैरे, चॉक्टॉ राष्ट्राच्या स्वतःच्या. आजच्या ओक्लाहोमाच्या नकाशावर त्या शोधत बसू नका.

आमच्या कार्डावर पाचवी ओळ शाईने खोडलेली होती. मला वाटलं कारकुनाची चूक. सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. ते बाळ होतं. जमिनीचा हक्क मिळायला २५ सप्टेंबर १९०२ रोजी माणूस जिवंत असावं लागे. त्याआधी गेलेल्यांची नावं खोडून त्यांच्या कागदावर शिक्का मारला जाई, की यांना जमीन किंवा पैसे मिळणार नाहीत. त्या बाळाचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. खोडलेलं होतं म्हणूनच ते आम्हाला सापडलं. खोडलेल्या ओळी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

कार्डात मेरी सापडली नाही तरी नोंदणीचे फेटाळलेले अर्ज बघा. जबान्या त्यांतही आहेत. आणि घरातल्या कुणाचा रंग सावळा होता अशी कुजबुज असेल तर फ्रीडमन, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांची, यादीही बघा, हे लाजत-संकोचत टाळू नका. चॉक्टॉंमधल्या सधन घरांनी काळी माणसं गुलाम म्हणून ठेवली होती, १८६६च्या तहाने ती सुटली, आणि पुढे बाप चॉक्टॉ नि आई काळी असेल तर मुलाला फ्रीडमन यादीत घातलं गेलं. ज्या समाजात आईकडून कूळ मिळायचं, तिथे आईचंच नाव मुलांना बाहेर ठेवायला वापरलं. फ्रीडमन कार्डावर पूर्वीच्या मालकाचंही नाव असतं, त्यावरून माग निघतो.

नावाचं काय? 'मेरी' हे मिशनच्या शाळेतलं नाव असण्याची शक्यता मोठी. तिथे मुलांना इंग्रजी नावं देत, कित्येकदा देणगीदारांची. खरं नाव वेगळं असेल. स्त्री म्हणजे 'ओहोयो'. जुन्या नावात 'होयो' असा तुकडा दिसला तर बहुधा बाई असेल. शिवाय जुन्या रिवाजात बायको नवऱ्याचं नाव उच्चारत नसे, 'अमक्याचे वडील' म्हणत असे. स्वतःचं नाव सांगायलाही लोक नाखूश. हे वाचलं तेव्हा माझी आजी डोळ्यांसमोर आली. रेशनच्या रांगेत तिला नवऱ्याचं नाव विचारलं की ती मला पुढे ढकलायची, 'तू सांग गं.' तुमच्या मेरीच्या आईसमोर कागद घेऊन बसलेल्या परक्या कारकुनाला काय उत्तर मिळालं असेल, आणि दुभाष्याच्या तोंडून ऐकून त्याने काय लिहिलं असेल, ते तुम्हाला मराठी असल्यामुळेच लगेच कळेल. म्हणून नवऱ्याच्या नावावर मदार ठेवू नका. भाऊ शोधा. भावांची नावं पंचायतीत, शाळेत, मालमत्तेच्या वादात येतात, आणि बहिणीच्या मुलांमागे उभा राहणारा माणूस तोच असतो. आमची गाठ एका मामामुळेच सुटली. भाचीच्या लग्नाच्या परवान्यावर त्याची सही होती. १८७५च्या चॉक्टॉ कायद्याप्रमाणे चॉक्टॉ मुलीशी लग्न करणाऱ्या गोऱ्याला परवाना काढावा लागे आणि दहा चॉक्टॉ नागरिकांच्या सह्या आणाव्या लागत. तुमच्या मेरीचं लग्न त्यानंतरचं असेल तर तसा कागद शोधा आणि त्या दहा सह्या एकेक करून वाचा.

याहून मागे, १८३०च्या पलीकडे, गेलात तर चॉक्टॉंचा अमेरिकन सरकारशी झालेला डान्सिंग रॅबिट क्रीकचा तह लागेल. त्याने मिसिसिपीतली उरलेली जवळपास १ कोटी १० लाख एकर जमीन गेली आणि १८३१पासून तीन हिवाळे हजारो माणसं पायी पश्चिमेला हाकलली गेली. तहाच्या चौदाव्या कलमात मागे राहायची मुभा होती: कुटुंबप्रमुखाला ६४० एकर, दहा वर्षांवरच्या अविवाहित मुलाला ३२०, लहानाला १६०. नोंद करायची ती विल्यम वॉर्ड नावाच्या सरकारी एजंटकडे. माणसं काड्यांची जुडी घेऊन आली, काड्यांवरून घरात किती मुलं आणि ती केवढी ते समजायचं. वॉर्डने त्या काड्या फेकून दिल्या आणि पश्चिमेला जा म्हणून सांगितलं. त्याच्याकडे नोंद झाली फक्त ६९ कुटुंबप्रमुखांची. पण फसवणुकीची चौकशी पुढे झाली, १८३७-३८मध्ये आणि १८४०च्या दशकात पुन्हा, आणि त्यात एकेकाला विचारलं गेलं: १८३०मध्ये तुझी मुलं किती, दहाच्या वर कोण, खाली कोण? एकराचा हिशोब त्यावर होता ना. त्या जबान्यांत आयांनी मुलांची नावं सांगितली आहेत. तुमच्या मेरीची आजी अशाच एखाद्या जबानीत बसलेली असू शकते.

आणखी एक. १९३७च्या आसपास म्हाताऱ्या माणसांच्या हजारो मुलाखती टंकलिखित झाल्या, 'इंडियन-पायोनियर पेपर्स' म्हणून. मेरीची मुलं तेव्हा साठीला आलेली असतील. आडनावाने शोधा, पण गावानेही शोधा, कारण शेजारी जास्त बोलतात.

एखाद्या वेबसाइटवर वंशावळीचं आयतं झाड मिळेल, त्याच्यावर विसंबू नका. आमच्या झाडाला तिथे कुणीतरी भलतीच आई चिकटवली होती आणि ती चाळीस लोकांनी उतरवून घेतली होती.

आज रात्री एवढंच करा: तो फोटो फ्रेममधून अलगद काढा आणि पुठ्ठ्याची मागची बाजू बघा. स्टुडिओवाले तिथे गावाचं नाव छापत. गाव समजलं की चॉक्टॉ काउंटी समजेल. ते इथे लिहा, सासूबाई आणि मी कार्डं चाळायला बसतो.