ओढणीच्या दोन पिना

"मॅडम, मी अंगभर कपडे घालते म्हणून सगळे मला मागासलेली समजतात." राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशन कक्षात हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या मुलींकडून ऐकले आहे, की त्यावर लिहिणे मला गरजेचे वाटते. ओळख बदलून एकीबद्दल सांगते.

कागलहून रोज एसटीने कोल्हापुरात नोकरीला येणाऱ्या या २४ वर्षांच्या मुलीला कार्यालयात 'काकूबाई' म्हणत. पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि दोन्ही खांद्यांवर पिना लावून बसवलेली ओढणी; बोलताना डाव्या खांद्यावरची पिन ती सारखी उघडायची, मिटायची. घरून सक्ती आहे का, हे मी आधी विचारून घेतले (हा प्रश्न कधीही गाळू नये). सक्ती नव्हती, तिला तसेच आवडत होते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातला, २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी तिला सांगितला. लाज वाटावी असा टी-शर्ट घालून इतरांसमोर गेलेल्या विद्यार्थ्यांना वाटले, की जवळपास निम्म्या जणांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्याच तो लक्षात राहिला होता.

"पण मला तर तोंडावर बोलतात," ती म्हणाली, आणि तिचे बरोबरच होते.

"तुमच्याकडे कुणी बिनबाह्यांचे कपडे घालते का?"

"एक आहे. उथळ आहे ती."

"हे तू कधी ठरवलेस?"

पिनेवरचे बोट थांबले. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "पहिल्याच दिवशी. मी तिच्याशी अजून बोललेसुद्धा नाही."

अशा शांततेत आपण न बोलणे हे समुपदेशकाचे खरे कसब, असे मी मानते, आणि ते मला त्या दिवशी साधले. घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या आपल्या समजुतीच आपल्याला जास्त त्रास देतात, असे सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे. कपड्यांवरून माणसाची किंमत ठरते हे ही मुलगी स्वतःच मनोमन मानत होती, म्हणून 'काकूबाई' हा शब्द तिला निकालासारखा लागत होता. तेव्हा आपल्या आवडीची कारणे देत बसू नका. "मला असेच आवडते" एवढे शांतपणे सांगा, चेष्टा तरीही थांबली नाही तर वरिष्ठांच्या कानावर घाला, कारण ती मुकाट सोसणे म्हणजे समजूतदारपणा नव्हे. मात्र ज्या मापाने आपल्याला मोजलेले खुपते, त्याच मापाने आपण कुणाला मोजतो आहोत का, हेही तपासा.

शेवटच्या भेटीला ती उशिरा आली. ओढणी तशीच होती, दोन्ही पिनांसकट. त्या सहकारी मुलीबरोबर खासबागेजवळ भेळ खाताना वेळेचे भान राहिले नाही, असे तिने सांगितले.