‘हायबरीसारखं’ म्हणजे नेमकं कशासारखं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पुण्यात नगर रोडकडच्या तुमच्या कॉलनीला लागून बंद पडलेल्या कंपनीचं फुटबॉल ग्राउंड आहे, साधारण पाच एकर. ते विकलं गेलंय. बिल्डरचा माणूस मीटिंगमध्ये सांगून गेला की काळजी करू नका, लंडनच्या हायबरीसारखं (आर्सेनल फुटबॉल क्लबचं जुनं मैदान, आता तिथे फ्लॅट आहेत) करणार, मैदान मधोमध तसंच राहील. यात तथ्य किती आणि तुम्ही काय करू शकता, एवढंच तुम्हाला हवंय.

हायबरी मी पाहिलंय. २०१४ मध्ये मुलीकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून. आर्सेनल नावाच्या स्टेशनावर उतरायचं (१९३२ पर्यंत त्याचं नाव गिलेस्पी रोड होतं, फलाटाच्या फरशीवर ते जुनं नाव अजून आहे). पाच मिनिटं चाललं की घरांच्या ओळीतच एकदम ईस्ट स्टँडचा तो पांढरा-लाल दर्शनी भाग उभा राहतो. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. मग गेटपाशी गेलो. आत हिरवळ, कापलेली झुडपं, काचेचे आडोसे, बाक. एक बाई बाबागाडी घेऊन चालल्या होत्या. चेंडू कुठे दिसला नाही. त्या हिरवळीखाली पार्किंग आहे.

तुमच्या बिल्डरला विचारा, स्टँड राखले ते कशामुळे. तो १९३६ चा ईस्ट स्टँड सरकारी वारसा यादीत होता, म्हणजे पाडायची सोयच नव्हती. क्लबला आणखी प्रेक्षक बसवायला जागा वाढवता येत नव्हती त्याचं एक कारण तो स्टँड आणि दुसरं चहूबाजूंची घरं. म्हणून २००६ मध्ये आर्सेनल जवळच साठ हजारांच्या नव्या स्टेडियमात गेलं. हायबरीतल्या शेवटच्या सामन्यात आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीने विगनविरुद्ध तीन गोल मारले आणि गुडघ्यांवर बसून हिरवळीचं चुंबन घेतलं, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. मग क्लबने स्वतःच कर्ज काढून हायबरीच्या जागेवर सुमारे साडेसहाशे फ्लॅट बांधले. त्यात २००८ ची मंदी आली, फ्लॅट खपेनात, २०१० मध्ये कुठे त्या बांधकामाचं कर्ज फिटलं. म्हणजे हायबरीत जे उरलं ते वारसा यादीमुळे उरलं, आणि खेळ उरला तो क्लबला नवं स्टेडियम मिळालं म्हणून. तुमच्या ग्राउंडला यातलं काय आहे? पत्र्याचं शेड आणि दोन गोलपोस्ट.

इंग्लंडमध्ये अशी मैदानं डझनाने गेली. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमात चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली, त्यानंतर तिच्या चौकशीचा टेलर अहवाल आला आणि वरच्या क्लबांना उभ्याने बघायचे कट्टे काढून सगळीकडे खुर्च्या बसवणं भाग पडलं. शंभर वर्षांपूर्वी कामगार वस्तीत दाटीवाटीने बांधलेल्या मैदानांत खुर्च्या घातल्या की माणसं निम्मी मावायची. मग जुनी जागा घरांना विकायची आणि गावाबाहेर नवं स्टेडियम, हा सरळ हिशेब. साउदॅम्प्टनचं द डेल २००१ मध्ये बंद झालं, तिथल्या इमारतींना आता खेळाडूंची नावं आहेत, ले टिसिएर कोर्ट वगैरे. संडरलंडच्या रोकर पार्कवर गोलमाउथ क्लोज, मिडफिल्ड ड्राइव्ह असे रस्ते आहेत. पत्ता सांगायला मजा येत असेल. पाटी लावायला बिल्डरला काही पडत नाही, तेव्हा तुमच्याकडे ‘स्ट्रायकर्स अव्हेन्यू’ नक्की येणार हे धरून चाला.

त्यातलं मला मनापासून आवडतं ते मिडल्सबरोचं एअरसम पार्क. १९९५ मध्ये बंद, आता साधी विटांची घरं. पण १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने इटलीला १-० ने हरवलं ते याच मैदानावर, आणि पाक दू-इकने गोल मारला त्या जागी एका घराच्या पुढच्या बागेत बुटाच्या स्टडचे ठसे ब्राँझमध्ये ओतून बसवलेत. जमिनीत एवढासा ठसा. २००२ मध्ये त्या संघातले हयात खेळाडू तिथे परत आले होते.

पण तुम्हाला उपयोगी गोष्ट विम्बल्डनची आहे, टेनिसची नाही, फुटबॉलची. प्लाउ लेन हे त्यांचं मैदान. १९८८ मध्ये त्यांनी लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला आणि १९९१ मध्ये मैदान सोडलं. पुढची व्यवस्था पक्की न करता. दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने बारा वर्षं खेळले, २००३ मध्ये क्लबच मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावाला उचलून नेला, आणि रिकाम्या प्लाउ लेनवर फ्लॅट झाले. चिडलेल्या चाहत्यांनी २००२ मध्येच स्वतःचा नवा क्लब काढला होता, लीगच्या अगदी खालच्या नवव्या पायरीपासून. २०२० मध्ये तो क्लब त्याच रस्त्यावर नव्या स्टेडियमात परत आला, आणि गंमत म्हणजे त्या स्टेडियमालगतही सहाशेच्या आसपास घरं बांधली गेली. म्हणजे घरं आली म्हणून खेळ मरतोच असं नाही. उद्यापासून पोरं कुठे खेळणार हे आधी कागदावर ठरलंय का, तेवढं बघायचं.

आता आपल्याकडचा हिशेब. पूर्ण आकाराचं ग्राउंड १०५ बाय ६८ मीटर धरा, म्हणजे ७,१४० चौरस मीटर, सत्तर गुंठे. कडेची मोकळी जागा धरून जवळजवळ दोन एकर. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीनुसार ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या भूखंडाला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. पाच एकराचे दहा टक्के म्हणजे वीस गुंठे. सत्तर गुंठ्यांचं मैदान वीस गुंठ्यांत ‘तसंच’ कसं राहणार ते त्या माणसाला फळ्यावर काढून दाखवायला सांगा. त्या वीस गुंठ्यांत झोपाळे, जॉगिंग ट्रॅक आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा बसला की उरतं ते बॅडमिंटनपुरतं.

म्हणून ब्रोशर बाजूला ठेवा आणि महापालिकेतून झोन दाखला (जागा कोणत्या वापराची ते सांगणारा) आणि पार्ट प्लॅन (विकास आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा) काढा. सर्व्हे नंबर सातबाऱ्यावर मिळेल. जागेवर डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे की नाही, सगळं त्यावर अवलंबून आहे. असेल तर ते उठवायला एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करावा लागतो. त्यात हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी लागते. ती नोटीस पेपरात कोपऱ्यात येते, रोज बघायला कोणीतरी एक रिटायर्ड माणूस नेमा. आरक्षण जाण्याची दुसरी वाट त्याच कायद्याच्या कलम १२७ ची: दहा वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप जातं. जुन्या हद्दीचा डीपी जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झालाय, तेव्हा तुमची जागा त्यात असेल तर दहा वर्षांचं गणित स्वतःच मांडा. अशी नोटीस आली आहे का, हे माहितीच्या अधिकारात आजच विचारा.

आरक्षण नसेल तर स्पष्ट सांगतो, ग्राउंड जाणार. तिथे भांडून शक्ती घालवू नका. मोकळी जागा एकाच तुकड्यात, जमिनीवर (पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर नाही) आणि मंजूर नकाशात दाखवलेली मागा. तोंडी शब्दाला अर्थ नाही. जाहिरातीतल्या खोट्या दाव्याबद्दल रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याखाली दाद मागता येते, पण ती त्यावर भरवसा ठेवून पैसे भरलेल्याला. शेजारच्या सोसायटीला नाही. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचे मंजूर नकाशे चढतात, ते उघडून बघत जा.

आमचं कंपनीचं ग्राउंड पिंपरीच्या बाजूला होतं. इंटर-कंपनीच्या मॅचेस तिथेच व्हायच्या, मी लेफ्ट बॅक. आम्हालाही बिल्डरने ‘स्पोर्ट्स झोन’ सांगितला होता, तो क्लब हाउसमधला टेबल टेनिसचा टेबल निघाला. मागे एका मित्राच्या सत्यनारायणाला त्याच टॉवरमध्ये गेलो. प्रसाद घेऊन खाली उतरलो आणि पार्किंगमध्ये मैदान शोधायला लागलो. बाहेरची जुनी पाण्याची टाकी अजून आहे, ती आमच्या गोलकीपरच्या डाव्या हाताला यायची. तेवढ्यावरून अंदाज करत बी-१७ नंबरच्या खांबापाशी पोहोचलो, तिथे कव्हर घातलेली अ‍ॅक्टिव्हा. पेनल्टी स्पॉट तिच्याखाली की लिफ्टच्या खड्ड्यात, यावर मित्राशी वाद झाला तो मिटलाच नाही. वॉचमन विचारायला आला, काका गाडी हरवली का. आता तिथली पोरं तासाला हजार-बाराशे मोजून टर्फवर खेळतात, ज्यांना परवडतं ती.

तर तुमचं गेट अजून उघडं असेल तर येत्या रविवारी मोठी टेप घेऊन जा. दोन्ही गोलपोस्टचं अंतर कॉलनीच्या भिंतीपासून, नाहीतर हलणार नाही अशा एखाद्या झाडापासून मोजून लिहून ठेवा. आणि पार्ट प्लॅन हातात आला की आरक्षणाचा क्रमांक आणि क्षेत्रफळ इथे टाका, मग कोणत्या कलमाखाली अर्ज करायचा ते बघू.