‘युबिक्विटस’ जरा जपून

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल वाचला. इंग्रजी स्वच्छ आहे. पण एका अहवालात ‘युबिक्विटस’ पाचदा आला की शब्द नुकताच हाती लागलाय हे कळतं. लहान मूल नवे बूट घालून झोपतं ना, तसं.

मूळ लॅटिन ‘उबिक्वे’, म्हणजे सगळीकडे. पण नुसतं ‘पुष्कळ’ असणं त्याला पुरत नाही. जाल तिथे ती वस्तू आधीच हजर हवी. लग्नाचा मांडव, ग्रामपंचायत, चहाची टपरी, कुठेही जा, प्लास्टिकची खुर्ची आहेच. ‘द युबिक्विटस प्लास्टिक चेअर’ म्हटलं की त्यात थोडा मिस्कीलपणाही येतो: आलीच का ही इथंही! झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात मार्क वायझर यांनी १९८८च्या सुमारास ‘युबिक्विटस कम्प्युटिंग’ हा शब्दप्रयोग केला. संगणक इतके जागोजागी असावेत की त्यांच्याकडे लक्षही जाऊ नये, ही त्यांची कल्पना. खुर्चीचंही तेच झालंय.

आता तुझं वाक्य: ‘डेंग्यू इज युबिक्विटस इन द वॉर्ड.’ इथे ‘प्रिव्हॅलंट’ लिही. रोग किती पसरलाय हे सांगताना डॉक्टर मंडळी तोच शब्द वापरतात.

मीही सुरुवातीला एका बातमीत शिक्षणाचा प्रसार ‘रॅम्पंट’ झाल्याचं लिहिलं होतं. वरिष्ठांनी लाल पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, “शाळांनी काय उच्छाद मांडलाय?” स्कॉटलंडच्या राजध्वजावरचा सिंह बघ: मागच्या पायांवर उभा, पंजे उगारलेले. त्या पवित्र्याला ‘रॅम्पंट’ म्हणतात. म्हणून तो शब्द भ्रष्टाचाराला, महागाईला. ‘राइफ’ही बहुतेक वेळा त्याच पंगतीतला. आपल्याकडे नाही का, सुळसुळाट उंदरांचा होतो, चोरांचा होतो. मोगऱ्याचा सुळसुळाट झाला असं कुणी म्हणत नाही. मराठीत जो कान तुला उपजत आहे, तोच इंग्रजी लिहिताना लाव.

आणखी एक. तू ‘ॲन युबिक्विटस’ लिहिलंयस, तिथे ‘अ’ हवा. अक्षर स्वर असलं तरी उच्चार ‘य’चा आहे. आणि ‘व्हेरी’ काढून टाक. सगळीकडे असलेलं आणखी ‘फार सगळीकडे’ कसं असेल? ‘ऑलमोस्ट’ चालेल.

पाचातला एकच ठेव, तिसऱ्या पानावरचा, मोबाइलच्या दुकानांबद्दलचा. तो छान बसलाय. बाकीचं सुधारून गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका