वाचकांचे प्रश्न : डिकीतले सुटलेले पॅनेल

प्रश्न : आमच्याकडे सात वर्षे वापरात असलेली हॅचबॅक मोटार आहे. डिकीच्या दाराच्या आतल्या बाजूस असलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पॅनेलचा खालचा डावा कोपरा बोटभर सुटला आहे आणि प्रत्येक गतिरोधकावर तो खडखडतो. तळहाताने दाबला की बसल्यासारखा वाटतो, पण दोन दिवसांत पुन्हा बाहेर येतो. एका गॅरेजमध्ये झटपट चिकटणारा गोंद लावून घेतला, तो आठवडाभरही टिकला नाही. आता तेथील मेकॅनिक दोन स्क्रू मारू या म्हणतात, नाहीतर अख्खे पॅनेल बदलावे लागेल असे सांगतात. योग्य काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण अजून स्क्रू मारू दिलेले नाहीत, हे फार चांगले केलेत. पत्र्याला नवे भोक पाडले की त्याच्या कडेचा रंग उडतो, आणि सातारा-महाबळेश्वरच्या पावसात अशा उघड्या कडेला गंज धरायला फार काळ लागत नाही. शिवाय त्या पॅनेलच्या मागे डिकीचे लॉक, नंबर प्लेटवरच्या दिव्याच्या वायरी आणि, आपल्या गाडीला असतील तर, मागच्या वायपरची मोटार व काच तापवणाऱ्या तारांची जोडणी असते; बाहेरून मारलेला स्क्रू यांपैकी कशात घुसेल हे मारणाऱ्यालाही दिसत नाही. पॅनेल बदलण्याचीही बहुधा गरज नाही. सुटले आहे ते पॅनेल नव्हे, त्याला धरून ठेवणारी क्लिप.

गोंद का टिकला नाही, हे आधी समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण त्यावर पुढची दुरुस्ती अवलंबून आहे. मोटारींमधील अशी बहुतेक पॅनेले पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची असतात. या प्लास्टिकचा पृष्ठभाग गोंदाला धरू देत नाही. मेणाच्या कागदावर पाणी जसे पसरत नाही, थेंब होऊन राहते, तसाच काहीसा प्रकार येथे होतो. झटपट गोंद वरवर वाळून कडक होतो आणि पहिल्याच धक्क्यांत पापुद्र्यासारखा निघून येतो. पॅनेल उघडल्यावर त्याच्या पाठीवर दोन कोनचिन्हांच्या मध्ये रोमन अक्षरांत प्लास्टिकचे नाव उठवलेले सापडेल. तेथे ‘पीपी’ किंवा ‘पीपी-टीडी20’ असे असेल, तर ते पॉलिप्रोपिलीन आहे. दुसऱ्या खुणेचा अर्थ त्यात 20 टक्के शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली आहे इतकाच. ‘एबीएस’ असे असेल, तर मात्र ते चांगले चिकटते.

आता क्लिपकडे वळू. पॅनेलच्या पाठीवर ठिकठिकाणी प्लास्टिकची लहान उंच घरे असतात. प्रत्येक घराच्या खाचेत क्लिपचे डोके बाजूने सरकवून बसवलेले असते आणि क्लिपचे टोक दाराच्या पत्र्यातील भोकात दाबून, त्याच्या बाजूंच्या लवचिक पंखांनी अडकवलेले असते. अशा पॅनेलच्या बाबतीत तीन गोष्टी घडू शकतात. क्लिपचे पंख झिजतात किंवा मोडतात. अशा वेळी दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येतो, पण पकड राहत नाही. कधी पूर्वी कोणी पॅनेल ओढून काढलेले असते, तेव्हा क्लिपा पत्र्यातच अडकून राहतात, आणि त्या काढून परत घरात न सरकवता पॅनेल तसेच वरून दाबले जाते. तेव्हा दाबल्यावर आवाजच येत नाही, कारण क्लिपचे डोके खाचेत शिरतच नाही. आणि क्वचित घरच तुटलेले असते. आपल्या वर्णनावरून पहिली शक्यता अधिक दिसते, पण आधीच्या दुरुस्तीत पॅनेल उचकटले गेले असल्यास दुसरीही तपासावी.

नेमका खालचाच कोपरा सुटण्यालाही कारण आहे. डिकी बंद करताना आपण बरेचदा हातासाठी दिलेली खोबण सोडून पॅनेलची कडच धरून दार खाली ओढतो. डिकीच्या दाराला गॅसच्या दांड्यांचा वर लोटणारा जोर असतो, त्याविरुद्धची सगळी ओढ त्या कडेच्या एक-दोन क्लिपांवर येते. घरातील सर्वांनी खोबणीतच हात घालून दार ओढण्याची सवय लावून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तसे न केल्यास नव्या क्लिपाही त्याच वाटेने जातील.

पॅनेल काढण्यासाठी दुपारची वेळ निवडावी, म्हणजे प्लास्टिक थोडे मऊ असते. थंडीतल्या पहाटे तेच प्लास्टिक कडक होऊन तडकते. प्रथम सर्व स्क्रू शोधावेत. एखादा स्क्रू हाताच्या खोबणीत किंवा लहान झाकणाखाली लपलेला असतो, आणि तो राहून गेला तर ओढताना पॅनेलच फाटते. त्यानंतर सुटलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक क्लिपच्या शक्य तितके जवळ प्लास्टिकचा रुंद ट्रिम टूल (पॅनेल उचकटण्याची चपटी पट्टी) घालावा आणि पत्र्याशी काटकोनात, सरळ बाहेरच्या दिशेने झटका देऊन ओढावे. हा टूल मोटारीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतो. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, त्याने रंगावर ओरखडा जातो आणि पुढे तेथेही गंज धरतो. पॅनेलवर डिकीचा दिवा बसवलेला असेल, तर त्याची वायर ओढून न तोडता कनेक्टरची कळ दाबून वेगळी करावी.

पॅनेल हातात आले की पत्र्यात राहिलेल्या क्लिपा पकडीने अलगद काढून घ्याव्यात. पंख पांढरे पडलेली, वाकलेली किंवा तडा गेलेली प्रत्येक क्लिप बदलावी. माझ्या मते खालच्या ओळीतील सगळ्याच बदलाव्यात, कारण त्या एकाच वयाच्या असतात आणि एक गेली की शेजारचीवर भार येतो. नवी क्लिप आणताना जुनी सोबत न्यावी आणि दोन मापे लिहून घ्यावीत, एक पत्र्यातील भोकाचा व्यास आणि दुसरे घराच्या खाचेची रुंदी. दिसायला सारख्या असलेल्या 7 मिलिमीटर आणि 8 मिलिमीटर भोकाच्या क्लिपा दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. लहान मापाची सहज आत जाते आणि म्हणूनच फसवते. नव्या पॅनेलच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ आहे. नायलॉनच्या क्लिपा फार कोरड्या व कडक वाटल्या तर अर्धा तास कोमट पाण्यात ठेवाव्यात. नायलॉन पाणी शोषून लवचिक होते, मग बसवताना पंख तुटत नाहीत.

घर तुटलेले असेल, तरीही निराश होण्याचे कारण नाही. पॉलिप्रोपिलीन चिकटत नसले तरी वितळवून जोडता येते. रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात तसे झाळकामाचे सोल्डरिंग आयर्न घ्यावे आणि तुटलेली कड व पाया पाठीमागून एकत्र वितळवावेत. भर म्हणून त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी लागते. स्वयंपाकघरातील ज्या जुन्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात 5 हा अंक आहे, तो डबा पॉलिप्रोपिलीनचा असतो आणि त्याची पट्टी येथे चालते. हे काम मोकळ्या हवेत करावे आणि टोक एका जागी फार वेळ टेकवू नये, नाहीतर दर्शनी बाजूवर खळगा उमटतो.

बसवण्यापूर्वी पाच मिनिटे आणखी द्यावीत. दाराच्या आत मोकळ्या लोंबणाऱ्या वायरींना कापडी टेप गुंडाळावी आणि पॅनेल पत्र्याला जेथे घासते तेथे फेल्टच्या पातळ पट्ट्या लावाव्यात, मात्र दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी ठेवलेली छिद्रे बुजवू नयेत. पॅनेल पुन्हा बसवताना प्रत्येक क्लिप आपल्या भोकासमोर आली आहे हे पाहूनच तळहाताच्या जोराने एकेक दाबावी. सगळ्या क्लिपांचा ‘टक’ ऐकू आला आणि तरीही खडखड राहिली, तर आवाज पॅनेलचा नाही. जॅक, पार्सल ट्रे, सैल नंबर प्लेट आणि दाराच्या कडेचे रबरी ठोकळे या क्रमाने तपासावे. हे ठोकळे बऱ्याच गाड्यांमध्ये फिरवून थोडे बाहेर काढता येतात, म्हणजे दार घट्ट बसते.

प्रश्न : आमच्या मोटारीत नंतर सीएनजीची टाकी बसवून घेतली. त्या वेळी डिकीच्या बाजूचे गालिच्यासारखे आवरण कापावे लागले, ते आता सुटून टाकीवर पडते. तेथे स्क्रू मारून घ्यावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच मारू नयेत. त्या आवरणामागून मागच्या दिव्यांच्या वायरी जातात, एका बाजूस पेट्रोल भरण्याची नळी असते आणि टाकीपासून निघालेली वायूची नळीही जवळपासच असते. ज्या भोकांत मूळच्या क्लिपा होत्या तीच भोके वापरावीत. त्यांत दोन भागांची, मधली खिळी दाबून घट्ट होणारी क्लिप चांगली बसते. जेथे भोकच उरलेले नाही, तेथे पत्रा स्पिरिटने पुसून त्यावर वेल्क्रोची फक्त आकडे असलेली, पाठीला चिकटपट्टी असलेली बाजू लावावी. आवरणाचे लोकरी कापड आकड्यांना आपोआप धरते, त्यामुळे दुसऱ्या पट्टीची गरज बहुधा पडत नाही.

आपल्या बाबतीत ही दुरुस्ती सहज सुटणारी असणे आवश्यकच आहे, कारण नियमानुसार दर 3 वर्षांनी टाकी काढून तिची दाबचाचणी करून घ्यावी लागते आणि तेव्हा हे आवरण पुन्हा निघणारच. टाकीच्या व्हॉल्व्हभोवती, गळालेला वायू गाडीबाहेर सोडण्यासाठी जे वेष्टन आणि नळी बसवलेली असते, तिच्यावर आवरणाचा भार येत नाही आणि ती कोठे दबलेली नाही, हे बसवून झाल्यावर हाताने चाचपून पाहावे. वायूचा वास येत असेल, तर आवरणाला हात लावण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी अधिकृत सीएनजी केंद्रात दाखवावी.